पांढरा वाळेपर्यंत

प्रिय चित्रकार,

तुमच्या चित्रांवर जे पुस्तक निघतं आहे त्याच्या एकोणिसाव्या पानावर एक वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि पुस्तक शुक्रवारी छपाईला जायचं आहे. म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. वाक्य असं आहे : ‘अश्लील चित्रांबद्दल वाचकांच्या तक्रारी वाढल्यामुळे साप्ताहिकाने त्यांना कामावरून दूर केले.’ मी कोण हे अक्षरावरून ओळखलं असेल. नसेल तर सांगते. जिन्यालगतच्या टेबलावर बसून जी बाई दर गुरुवारी तुमच्या चित्रांतल्या बायकांचे गळे वर करायची, ती मी. ‘प्रिय’ हा शब्द मी पत्रात सरसकट घालते, पाणीपट्टीच्या अर्जाखेरीज, तेव्हा त्यावर अडून राहू नका.

सोमवारी दुपारी घंटा वाजली. दारात तिशी उलटलेली एक बाई, काखेत भलीमोठी चपटी काळी बॅग. म्हणाली, मी दातांची डॉक्टर आहे. मी म्हटलं, माझ्या तोंडात माझा स्वतःचा असा एकही दात नाही, तुमची खेप फुकट गेली. आतून माझी मुलगी ओरडली, “आई, आधी आत तर घे. दातांचे डॉक्टर कधी दारोदार फिरतात का?” घेतलं आत. पाणी दिलं. तेव्हा कळलं की या डॉक्टरीणबाई जुन्या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकांतली मूळ चित्रं जमवतात. छापील पानं नव्हेत, चित्रकाराच्या हातून उतरलेला प्रत्यक्ष कागद. आणि तीही सगळी चित्रं नव्हेत, फक्त मागच्या पानावरच्या बायका. तुमचं पुस्तक आणि त्याबरोबरचं प्रदर्शन तीच काढते आहे. लोक ती पानं कापून भिंतीला टाचायचे, म्हणून त्यांना पिनअप म्हणतात असं तिने मला शिकवलं. आपल्या कचेरीत आपण ‘मागच्या पानावरची’ एवढंच म्हणत असू, आणि तेसुद्धा मालक आसपास नसताना. मी विचारलं, दवाखाना चालत नाही का तुमचा. “चालतो की,” ती म्हणाली, “म्हणूनच तर. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघितल्यावर संध्याकाळी कुणीतरी तोंड मिटून हसणारं बघावंसं वाटतं.” उत्तर मला आवडलं. तोंडावर दाखवलं नाही.

तुमची चित्रं तिला कुठे कुठे सापडली हे ऐकून मला हसावं की रागवावं ते कळेना. बरीचशी चित्रांचे छपाईचे ठसे करणाऱ्या आपल्या ब्लॉकवाल्याकडे पडून होती. त्याचं दुकान बंद झाल्यावर त्याच्या बायकोने ते जाड कागद स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले. तुमची ती टॉवेल सांभाळत फोन घेणारी बारा वर्षं तिच्या बशांखाली निजून होती. वाऱ्याने झगा उडालेली टपालवाली कुणाच्या तरी आजोबांच्या फोटोमागे पुठ्ठा म्हणून ठोकलेली निघाली. फोटोची काच फुटली नसती तर आजोबांची सोबत सुटली नसती. डॉक्टरीणबाईंचा एक नेम आहे. चित्राची कड कधी कापायची नाही. चित्र मधे असतं, पण जीव कडेला असतो, असं तिचं म्हणणं. कडेला शाई पुसल्याचे डाग असतात, किती कॉलमांत बसवायचं ते लिहिलेलं असतं, आणि निळ्या पेन्सिलीतल्या सूचना असतात, कारण ब्लॉकच्या कॅमेऱ्याला फिकट निळा दिसत नाही. त्या सूचना माझ्या. ‘गळा चार मिलिमीटर वर.’ ‘गुडघा झाका.’ ‘हसू कमी.’ हसू कमी असं मी खरोखरच लिहिलं होतं. मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, “म्हणजे आमच्यावर जे चाललं ते आधी छापील बायकांवर करून बघितलं होतंस.”

तुम्ही तिला कसे सापडलात तेही तिने सांगितलं. दवाखान्याची पाटी रंगवायला तुम्हाला बोलावलं होतं. पाटीवर दाढ काढायची होती. पाटीवरची दाढ म्हणजे उशीला पाय फुटल्यासारखी असते. तुमच्या दाढेला कंबर होती. रोगी म्हणायला लागले, डॉक्टर, तुमची दाढ लचकते आहे. तिने खाली उभं राहून नीट बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की ही रेघ आपल्या घरात भिंतीवर बारा ठिकाणी आहे. बाकीचं तुम्ही काही सांगितलं नाही म्हणे. जे कळलं ते रंगाच्या दुकानदाराकडून. साप्ताहिक सुटल्यावर एका शाळेत तुमची चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवड झाली होती. कुणीतरी तुम्हाला काढल्याची साप्ताहिकात छापलेली चौकट कापून शाळेच्या समितीकडे पाठवली आणि नेमणूक रद्द झाली. तेव्हापासून पाट्या. आणि तुमचे चिरंजीव आज स्वतः एका शाळेचे मुख्याध्यापक आहेत, घरात तुमचं एकही चित्र नाही, आणि प्रदर्शनाचं आमंत्रण द्यायला गेलेल्या डॉक्टरीणबाईंना ते दारातच म्हणाले की आमच्याकडे या विषयावर बोलत नाहीत. एकोणिसावं पान तिने तुम्हाला वाचून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, “असू दे. तसं छापून आलेलंच आहे.” आणि चित्रांवरचा पांढरा रंग कुणी लावला असं विचारल्यावर म्हणालात, “ते बाईंना विचारा. त्यांची परवानगी असेल तर काढा.” चव्वेचाळीस वर्षांनी तुम्ही माझी परवानगी मागवलीत. मला वाटतं, इथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

कारण तिचं माझ्याकडचं काम तेवढंच होतं. सव्वीस चित्रांवर पांढरा आहे. तो त्या वेळचा असेल तर चित्राचा भाग, नंतर कुणा सोवळ्या माणसाने फासला असेल तर ती घाण, आणि घाण असेल तर ती अलगद धुऊन काढता येते. इतर संग्राहक सरसकट धुतात म्हणे. ही मात्र विचारत आली. तिने ती सव्वीसही चित्रं आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडली आणि मी माझा पांढरा ओळखला. रंगाची बाटली, पाणी घालायला बाटलीचंच झाकण, दोन नंबरचा कुंचला. मालकांनी मला कामावर घेतलं ते शुद्धलेखनासाठी नव्हे, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. वाचनालयं अंक बंद करायची धमकी देत होती. मालक म्हणाले होते, तर्कशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली बाई बसवली की कुणाची बोलायची बिशाद नाही. मी तेवीस वर्षांची होते. मला ते कौतुक वाटलं.

आपली पद्धत तुम्हाला आठवत असेल, तरी लिहिते, कारण लिहिताना मलाच ती नव्याने दिसते आहे. गुरुवारी सकाळी चित्र यायचं. मी पट्टी लावायची, खूण करायची, नको असलेल्या रेघेवर पांढरा भरायची आणि तुम्हाला बोलवायची. नवी रेघ तुमच्याच हातची हवी, कारण माझ्या हाताला रेघ येत नाही, फक्त खूण येते. आणि पांढरा ओला असताना त्यावर शाई चालत नाही, फुटते. म्हणून तो वाळेपर्यंत तुम्ही टेबलापलीकडे उभे. दहा मिनिटं. दमट दिवसांत वीस. खुर्ची मी कधी दिली नाही. दिली असती तर खिळे जुळवणाऱ्या कंपोझिंगवाल्यांनी काचेच्या भिंतीपलीकडून पाहिलं असतं. सगळे तुम्हाला ‘काडी’ म्हणत, मी कधी म्हटलं नाही, पण उभे असलात की तसेच दिसायचात. सुरुवातीला मी त्या वेळात प्रुफं वाचायची आणि तुम्ही खिडकीबाहेर बघायचात. मग एकदा तुम्ही विचारलंत की तर्कशास्त्रात नेमकं शिकवतात काय. मी म्हटलं, सर्व माणसं मर्त्य आहेत, अमुक माणूस आहे, म्हणून अमुक मर्त्य आहे. तुम्ही म्हणालात, “एवढ्यासाठी चार वर्षं? हे तर आमच्या आईलाही ठाऊक आहे.” मी रागावले होते. पुढच्या गुरुवारी तुम्ही एक उदाहरण करून आणलंत : सर्व गळे खाली असतात, हा गळा आहे, म्हणून बाई रागावतील. मी म्हटलं, निष्कर्ष बरोबर आहे, मांडणी चूक. तुम्ही म्हणालात, मग शिकवा. तुमच्या आईच्या गुडघ्यांविषयी, तुमच्या खोलीतल्या गळक्या नळाविषयी, मला परीक्षेत न सुटलेल्या एका प्रश्नाविषयी आपण बोललो. सहा महिन्यांतल्या त्या दहा-दहा मिनिटांची बेरीज केली तर पाच तासही भरत नाहीत. मी केली बेरीज. दोनदा.

आता मुद्द्याची गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी बॅगेतून दात बघायचं भिंग काढून डोळ्यांवर चढवलं, वरचा इवलासा दिवा लावला आणि मला म्हणाल्या, एक गंमत दाखवते. पहिल्या चार चित्रांत काही विशेष नाही. तुम्ही गळा खाली काढलात, मी पांढरा लावला, तुम्ही वर काढलात. पाचव्यापासून पुढे मात्र पांढऱ्याच्या कडेला कागदाचा पोत बदलतो. तिथे कागद ब्लेडने खरवडलेला आहे, आणि खरवडलेल्या जागी शाईची रेघ किंचित पसरलेली आहे. भिंगातून बघितल्यावर खरवडल्याखाली आणखी एका रेघेचा मागमूस दिसतो, आणि ती रेघ बरोबर तिथे आहे जिथे मी नंतर तुम्हाला काढायला लावली. केसाचासुद्धा फरक नाही. म्हणजे तुम्ही आधी गळा मला हवा तिथेच काढत होता. मग तो ब्लेडने खरवडून मुद्दाम खाली आणत होता. मग मी तो वर करत होते. पाचव्यापासून सव्विसाव्यापर्यंत, बावीस चित्रं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “निरोगी दात कोरायचा आणि वर भराव घालायचा, असं आहे हे. आमच्यात कुणी असं केलं तर त्याच्यावर खटला होईल.” मुलगी माझ्याकडे बघत होती. मी उठून खिडकी लावली. खिडकी लावण्याची काही गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईंकडे याचं उत्तर तयार होतं. ही चित्रकारांची जुनी युक्ती आहे म्हणे. तपासणाऱ्यासमोर एक ढळढळीत चूक ठेवायची. ती सापडली की तो खूश होतो आणि जे खरं चोरून न्यायचं ते त्याच्या नाकाखालून निघून जातं. म्हणजे मी बावीस वेळा मूर्ख ठरले. हे मला पटलं, आणि पटल्यावर बरंही वाटलं, कारण त्यात काही कोडं उरत नाही. तिने चित्रं बुधवारपर्यंत माझ्याकडे ठेवली होती. मंगळवारी सकाळी मी पट्टी घेऊन बसले आणि तुम्ही गळ्याच्या आडून काय चोरून नेलंत ते शोधायला लागले. मुलगी म्हणाली, “आई, चव्वेचाळीस वर्षांनी परत गळे मोजतेस?” मी म्हटलं, गळे नव्हे, बाकीचं. बाकीचं सगळं तपासलं. कंबर, पोटऱ्या, पाठ, नजर, पडदे, आरसे, मागचे दरवाजे. काही नाही. एकाही चित्रात माझ्या नियमाबाहेरची दुसरी रेघ नाही. उलट पहिल्या चारांपेक्षा पुढची चित्रं जास्तच सोज्वळ होत गेली आहेत. विसाव्या चित्रातली तर शिडीवर चढून दिवा बदलते आहे आणि खाली जाड मोजे घातले आहेत. जाड मोजे घातलेली पिनअप जगात दुसरी नसेल, असं डॉक्टरीणबाईंचंही मत पडलं. मग युक्ती कशासाठी? चोरून काही न्यायचंच नसेल तर पहारेकऱ्याला फसवायचं कशाला?

मी पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. त्या चुकीचा परिणाम काय व्हायचा? मी बोलवायची. पांढरा लावायची. तुम्ही उभे राहायचात. एवढाच परिणाम. पण परिणामालाच हेतू समजणं ही पहिल्या वर्षाला शिकवली जाणारी चूक आहे, आणि ती मी या वयात करत असेन तर मला कळायला हवं. दुसरी शक्यता अशी की काचेपलीकडे हसणाऱ्या लोकांसाठी हा दर गुरुवारचा खेळ होता. ‘बघा, आज बाईंना किती खाली खेचतो.’ ते हसत होते हे मी पाहिलं आहे. कशाला हसत होते ते मला कधी ऐकू आलं नाही. दोन्ही शक्यतांना पुरावा तोच आणि तेवढाच आहे. सकाळी मला एक खरी वाटते, दुपारी दुसरी. काल मी दोनदा भाजी आणायला गेले आणि दोन्ही वेळा रिकामी पिशवी घेऊन आले. मुलीने माझ्या हातून पिशवी घेतली आणि स्वतः जाऊन भाजी आणली. गैरसमज नको म्हणून लिहिते : माझा संसार चांगला झाला. आमचे हे पाणीपुरवठा खात्यात होते, सरळ मनाचे आणि वेळेचे पक्के. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्यासमोर हे पत्र मी उघड ठेवू शकले असते, आणि त्यांनी विचारलं असतं, मग तुला आता नेमकं काय हवं आहे? ते नेहमी असंच विचारायचे.

पांढऱ्याबद्दल निर्णय सांगते. पहिल्या चार चित्रांवरचा पांढरा माझा आहे, तो धुवायला माझी हरकत नाही. पाचव्यापासून पुढचा एकट्या माझा आहे असं आता मला म्हणता येत नाही. त्याची परवानगी तुम्ही द्यायची किंवा नाकारायची. माझं मत विचाराल तर राहू द्यावा. मत विचारलेलं नाही, हे मला माहीत आहे.

डॉक्टरीणबाईंना आजपर्यंत वाटत होतं सव्वीसच चित्रं आहेत. सत्ताविसावं तुम्हाला आणि मला माहीत आहे. त्या गुरुवारी मी पट्टी लावली आणि खूण करायला जागा सापडेना. गळा बंद. बाह्या मनगटापर्यंत. झगा घोट्यापर्यंत. एक चष्मेवाली बाई टेबलावर वाकून कागद तपासते आहे, अंबाड्यात पेन्सिल खोचली आहे, कपाळावर आठी. फक्त टेबलाखाली तिचा एक पाय चपलेतून बाहेर आला आहे, आणि त्या टाचेवर तुम्ही जी रेघ ओढली आहे तशी बाकी सव्वीस बायकांत मिळून एकही नाही. वाचता वाचता मी चप्पल काढते हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. ते फक्त टेबलापलीकडे उभ्या राहणाऱ्या माणसाला दिसू शकतं. मी तुम्हाला बोलावलं नाही. तरी तुम्ही आलात आणि नेहमीच्या जागी उभे राहिलात. आणि काचेपलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं. माझ्या डोक्यात एकच आलं : मागच्या पानावर उद्या मी आहे, आणि हे सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. मी चित्र उचललं आणि तुमच्या समोरून मालकांच्या खोलीत गेले. मालक चित्र बघून हसले. “बाई, यात काय आहे? टाच तर आहे.” मी म्हटलं, टाच माझी आहे. एक तर हा माणूस इथे राहील, नाही तर मी. तुम्हाला वाटलं असेल की माझी तक्रार नुसतं निमित्त होती आणि खरं तर वाचनालयांच्या दबावाने मालकांनी तुम्हाला काढलं. दबाव वगैरे काही नव्हता. मी आल्यापासून तक्रारी बंदच झाल्या होत्या. तुम्ही काढलेल्या सर्वांत झाकल्या बाईपायी तुम्हाला काढलं, आणि ते मी करवलं. तुम्हाला आत बोलावून मालकांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “बाई म्हणतात तर असेल तसं.” हे मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. मालकांनी चित्र फाडायला माझ्याकडे दिलं. मी फाडलं नाही. का, ते विचारू नका. गेली चव्वेचाळीस वर्षं ते माझ्या पदवीच्या कागदाखाली आहे, आणि घरं बदलली तेव्हा मी ती पेटी कधी दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही.

आता शेवटचं, आणि हे पत्र खरं यासाठीच आहे. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या अंकात मालकांनी चौकट छापली. संधी साधली त्यांनी. माणूस गेलाच आहे तर वाचनालयंही खूश होऊ देत, असा हिशेब. ‘अश्लील चित्रांबद्दल वाचकांच्या तक्रारी वाढल्यामुळे’ वगैरे. त्या चौकटीचं प्रूफ माझ्याच टेबलावर आलं होतं. त्यातला शब्द न शब्द खोटा आहे हे मला माहीत होतं. त्या कचेरीत ते माहीत असलेली मी आणि मालक, दोघंच होतो. मी कडेला साधं प्रश्नचिन्ह केलं असतं तरी ते थांबलं असतं, कारण मालक माझ्या खुणेला भीत होते. मी एक जास्तीचा स्वल्पविराम काढला, सही केली आणि प्रूफ खाली पाठवलं. भाषा तपासणं माझं काम, खरंखोटं बघणं मालकांचं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते इतकी वर्षं पुरलं. ती चौकट शाळेत कुणी पाठवली मला माहीत नाही, पण ती तपासून शुद्ध केलेली होती. पुस्तकातलं वाक्य शब्दशः तेच आहे. डॉक्टरीणबाईंनी खोटं लिहिलेलं नाही, मी सही करून पाठवलेलं विश्वासाने उचललं आहे. आज तिला आणि माझ्या मुलीला समोर बसवून मी हे सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुस्तकात हे आलं तर लोक तुम्हाला नावं ठेवतील. मी म्हटलं, ठेवू देत. नवं वाक्य मीच लिहून दिलं आहे आणि ते तुमच्या चिरंजीवांच्या शाळेच्या पत्त्यावरही वेगळं पाठवलं आहे, मुख्याध्यापकांना सवय असते तशा रुक्ष भाषेत. माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुमच्याकडून मी आधीच फार घेतलं आहे. बावीस चित्रांविषयीही काही विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तर माझ्या दोन्ही शक्यता माझ्याजवळ राहतील, आणि त्यांच्याबरोबर राहायची मला आता थोडी सवय होते आहे.

तुमचीच,
बाई

डॉक्टरीणबाईंच्या हाती आज बुधवारी संध्याकाळी दिलेल्या वस्तूंची नोंद. मूळ प्रत त्यांच्याकडे, ही तुमच्यासाठी. घेणारीची व देणारीची सही आहे. साक्षीदार, माझी मुलगी.

एक. पाहायला ठेवलेली सव्वीस चित्रं, जशी आली तशी परत.

दोन. एकोणिसाव्या पानाचं प्रूफ, दुरुस्तीसह. जुनं वाक्य पूर्ण खोडलं आहे. त्या जागी : ‘त्यांच्या कोणत्याही चित्रात अश्लील काही नव्हते. कार्यालयातील तपासनीस बाईंनी एका निर्दोष चित्राविषयी केलेल्या चुकीच्या तक्रारीवरून त्यांना काढण्यात आले, आणि साप्ताहिकाने त्याविषयी छापलेली सूचना खोटी होती.’ कडेला माझी सही, पूर्ण नावानिशी.

तीन. वरील मजकूर खरा असल्याचं माझं निवेदन, एक पान.

चार. चित्र क्रमांक सत्तावीस, आजवर अप्रकाशित. काळी शाई, जाड कागद, कडा न कापलेल्या. डाव्या कोपऱ्याला घडी पडली आहे, ती माझ्या हातून. खरवडलेलं नाही, पांढरा नाही, दुरुस्ती नाही. पुस्तकात छापण्यास चित्रातल्या बाईची हरकत नाही. चित्राची मालकी चित्रकाराची. प्रदर्शन संपल्यावर ते त्यांच्याकडे जावं, आणि त्यांना नको असेल तरच माझ्याकडे परत यावं, दुसऱ्या कुणाकडे नाही.